पूर्ण माणूस मावेल असा कॅमेरा

१६ फेब्रुवारी २००८, शनिवार

आज संस्थेच्या बैठकीत मी बोलून बसले, "कॅमेरा माझा असेल." बोलून झाल्यावर आठवलं, की माझ्याकडे कॅमेरा नाही.

त्याचं असं झालं. वनहक्काच्या नव्या कायद्याप्रमाणे पेठकडच्या पाड्यांवरचे लोक आपण वर्षानुवर्षं कसत असलेल्या जंगलजमिनीवर आता दावा करू शकतात. तिकडे त्या जमिनीला पलाट म्हणतात. दाव्याला पुरावे लागतात. मीनाताईंनी ही संस्था सुरू केली, त्यांचं म्हणणं असं, की प्रत्येक दाव्याला त्या माणसाचा त्याच्या पलाटातला फोटो जोडायचा. संस्थेचा रोलचा कॅमेरा गेल्या पावसाळ्यात बुरशी धरून बसलाय. म्हणून त्यांनी विचारलं, कोणाकडे स्वतःचा आहे का, आणि माझा हात वर गेला.

"खिशातला साधा चालेल गं," ताई म्हणाल्या.

"साधा नको ताई, एसएलआर घेते, लेन्स बदलता येते तो. डिजिटल. आजवर या लोकांचे फोटो कोणी काढले, सांगा? पंचनाम्यात. त्यात सगळे चोरासारखे दिसतात. मला असे फोटो काढायचेत, की बघणाऱ्याने मान खाली घातली पाहिजे."

"बघणारा साहेब असणार आहे. त्याने मान खाली घालून सही केली तरी पुरे," ताई म्हणाल्या. सगळे हसले. मीही हसले, पण मी मनापासून बोलले होते.

घरी सांगितलं. दोन वर्षं शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे स्कूटीसाठी आहेत असं आई धरून चालली होती. "स्कूटीला दोन चाकं असतात, ती कुठंतरी नेते," आई म्हणाली. "याला नुसता एक डोळा."

अण्णा जेवत होते. त्यांनी घास थांबवून एवढंच विचारलं, "त्यात माणूस पूर्ण मावतो का?"

"माणूस काय अण्णा, डोंगर मावतो!"


१८ फेब्रुवारी

कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत बसून कॅमेऱ्यांबद्दल वाचलं. इंग्रजीत प्रत्येक कॅमेऱ्याखाली 'नवशिक्यांसाठी उत्तम' असं लिहिलेलं असतं आणि पुढे पाच पानं असं काही असतं, की नवशिका पळूनच जाईल. निकॉन की कॅनन यावर लोक तिथे इतके भांडतात, की मला आमच्या कॉलनीतली बजाज आणि हिरो होंडावाल्यांची भांडणं आठवली.

घरात पदवी घेतलेली मी पहिली. त्यामुळे न कळणारी कुठलीही गोष्ट घरात आली, की सगळे माझ्याकडे बघतात. मिक्सरची वॉरंटी, आईच्या रक्ताचा रिपोर्ट, आत्याच्या फोनमधले मेसेज. मी मराठी घेऊन बीए झालेय हे कोणाच्या लक्षात राहत नाही. आज पहिल्यांदाच मला स्वतःलाच काही कळत नव्हतं, आणि कोणाकडे बघावं तेही.


२० फेब्रुवारी

सातपूर कॉलनीतल्या सावळीरामकाकांच्या फोटो स्टुडिओत गेले. माझे बारावीच्या फॉर्मचे फोटो त्यांनीच काढले होते. मागे निळा पडदा. "हनुवटी खाली, अजून खाली, आता हसू नकोस." हल्ली ते डिजिटल कॅमेरेही विकतात.

"बजेट सांग आधी," काका म्हणाले. "देव कुठला ते मग बघू. दक्षिणा कळली पाहिजे."

सांगितलं. त्यांनी तोंड वाकडं केलं नाही, हे बरं. काउंटरवर दोन कॅमेरे ठेवले. पहिला एका लग्नाचे फोटो काढणाऱ्याने विकायला दिलेला, वापरलेला, पण दहा मेगापिक्सेलचा आणि हातात भरणारा. त्याच्याबरोबर माझ्या पैशांत पन्नासची लेन्स बसते, दुसरी काही बसत नाही. दुसरा नवा कोरा, सहा मेगापिक्सेलचा, हलका. त्याच्या खोक्यातच अठरा-पंचावन्नची साधी लेन्स येते.

"साधी म्हणजे?"

"साधी म्हणजे साधी. समोरचं सगळं दाखवते. आता ही पन्नासची लावून बघ. माणूस तेवढा कोरीव, मागचं सगळं लोणी."

मी बघितलं. काकांच्या मागचे फ्रेमचे तुकडे, कॅलेंडर, धुळीचा पंखा, सगळं विरघळलं आणि काकांचा चेहरा एखाद्या ऋषीसारखा पुढे आला.

"जन्मभर पडदे बदलून बदलून मी लोकांच्या मागचं लपवत आलो," ऋषी म्हणाले. "ही लेन्स तेच काम फुकटात करते."

मी तिथेच ठरवून टाकलं असतं. पण काका अण्णांना जुने ओळखतात. म्हणाले, "घाई करू नको. मोतीरामची पोरगी तू, घेऊन जा. रविवारी वापर, मग सांग."


२३ फेब्रुवारी, शनिवार

कॅमेरा घरात आलाय. आई त्याच्यावरून ओच्याने धूळ पुसते आणि मग "एक डोळा" म्हणते.

अण्णा मात्र विचित्र प्रश्न विचारतात. आज सुट्टी होती, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याशेजारी येऊन बसले.

"मागे सरकायला जागाच नसेल तर गं?"

"कुठे?"

"कुठे असं नाही. समज, फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी भिंत आहे. समोर माणूस, आणि त्याच्या शेजारी लांबलचक काहीतरी. आपल्या दिवाणाएवढं. दीड दिवाण धर."

"दीड दिवाणाचा फोटो कोण काढतं, अण्णा?"

"नाही, आपलं विचारलं." मग पुन्हा, "आणि ट्यूबलाइटच्या उजेडात? वरून पत्र्याच्या काचेतून थोडं ऊन येत असेल, तेवढ्यात?"

कमी उजेडासाठी कॅमेऱ्यात आयएसओ वाढवतात, ते मी त्यांना सांगितलं. बराच वेळ सांगितलं, कारण मला स्वतःलाच ते परवा कळलंय. कीर्तन ऐकावं तसे ऐकत होते. शेवटी मी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, हाच घेऊ ना?"

"तुझं काम, तुझा कॅमेरा. मला यातलं काय कळतं?"

मला वाटतं, एवढा खर्च त्यांना पटलेला नाही. तोंडाने म्हणत नाहीत, म्हणून असे आडवळणाचे प्रश्न. ३१ मार्चला ते रिटायर होतात, तेव्हा पैशांची काळजी असणारच. देवळ्याहून इथे आले आणि कंपनीत टर्नर म्हणून लागले तेव्हा माझा जन्मही नव्हता. निरोप समारंभाला कंपनीचा फोटोग्राफर असतो, नाहीतर तेवढे फोटो तरी मी काढले असते.


२४ फेब्रुवारी, रविवार

पाय दुखताहेत, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

सकाळच्या एसटीने पेठ, तिथून फाट्यावर उतरून चालत आंबेमाळच्या पाड्यावर. अर्धी माणसं द्राक्षांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे गेलेली. म्हाताऱ्या बायका आणि कोंबड्या राहिल्यात.

भागीबाईंचा दावा सगळ्यात कच्चा आहे, असं मीनाताईंनी बजावलं होतं. नवरा गेलेला, मुलगा बुधा द्राक्षांवर. बाकीच्यांकडे निदान फॉरेस्टने केलेल्या दंडाच्या पावत्या आहेत. दंड झाला म्हणजे तुम्ही तिथे कसत होतात, असा तो पुरावा. भागीबाईंच्या पावत्या वाळवीने खाल्ल्या. आता त्यांच्याकडे दाखवायला उरलाय तो नवऱ्याबरोबर दगड रचून घातलेला बांध आणि बुधाच्या जन्माच्या वर्षी लावलेला आंबा. बाकी काही नाही.

मी कॅमेरा काढल्यावर बाई आत गेल्या. नवं हिरवं लुगडं नेसून आल्या आणि बांधावर जाऊन हात सरळ सोडून, सावधानमध्ये उभ्या राहिल्या. चेहरा दगडासारखा.

"आजी, असं नको. मोकळ्या राहा ना, नेहमीसारख्या."

त्यांना कळेना, नेहमीसारखं म्हणजे काय. माझ्यासाठी नवं लुगडं नेसून झालेलं. मी त्यांना बांधावरून उतरवून खाली बसवलं आणि गप्पांत गुंतवलं. कोंबडी पिल्लाच्या अंगावर गेली तेव्हा त्या तिकडे बघून हसल्या आणि मी बटण दाबलं. काय चेहरा! प्रत्येक सुरकुती दिसतेय. आणि मागचा माळ, बांध, झाड, सगळं सोनेरी धुकं झालंय.

आणखी चौघांचे काढले. सगळे असेच. मला इतका आनंद कधी झाला होता, आठवत नाही. निकालाच्या दिवशीही नाही.


२६ फेब्रुवारी

फोटो छापून आले. भागीबाईंचा मोठा केला. सावळीरामकाका एक प्रत शोकेससाठी मागताहेत! पुढच्या आठवड्यात पैसे देऊन कॅमेरा घेऊन टाकते, असं त्यांना सांगून आले. पन्नासच्या लेन्ससकट.

आईने फोटो बघून "बाई गं" म्हटलं. अण्णांनी चष्मा लावून बराच वेळ बघितला.

"हिचे पाय कुठे गेले?"

"पोर्ट्रेट आहे, अण्णा. पोर्ट्रेटमध्ये पाय नसतात."

"आणि हिचं शेत?"

"तिच्या चेहऱ्यातच तिचं शेत आहे."

"हो का," अण्णा म्हणाले, आणि फोटो कडेला धरून, बोटं न लावता परत दिला.


२ मार्च, रविवार

काय लिहू?

मीनाताई आणि मी फोटो घेऊन आंबेमाळला गेलो. मला त्यांना तिथेच, सगळ्यांसमोर दाखवायचे होते. भागीबाईंनी हात लुगड्याला पुसून फोटो घेतला. बघितला. मग उलटा करून मागची पांढरी बाजू बघितली.

"बाकीची मी कुठं हाय?"

"आजी, हा एवढाच…"

"मी मेली का?"

बायका कुजबुजल्या. ताई माझ्या कानाशी म्हणाल्या, "अगं, इकडे अर्धा फोटो गेलेल्या माणसाचा. हार घालायचा." आणि मला आठवलं. त्यांच्या झोपडीत नवऱ्याचा फोटो आहे, जत्रेतल्या घोळक्यातून छातीपर्यंत कापून मोठा केलेला, वर सुकलेला हार. गेल्या रविवारी मी त्याच्याच खाली बसून चहा प्याले होते.

पण बाई तिथे थांबल्या नाहीत. फोटोवर बोट आपटत म्हणाल्या, "आन् माझा पलाट? बांध घातला त्यो? आंबा? तू पुसून टाकला?"

"पुसला नाही आजी. तो आहे, फक्त लेन्समुळे मागचं…"

"फारेस्टवालं बी असंच म्हन्तात, पोरी. तिथं काय नव्हतंच म्हून."

रागाने नाही बोलल्या. उलट चहा ठेवला. मला तो पिववेना.

परतीच्या एसटीत ताई सावळघाट उतरेपर्यंत एकेक फोटो बघत होत्या. मग म्हणाल्या, "फोटो सुंदर आहे, मोहिनी. पण एकही दाव्याला लावता येणार नाही. पुढच्या आठवड्यात वनहक्क समिती कागद बघायला बसतेय. इतरांचं पावत्यांवर निभेल. भागीबाईकडे दुसरं काही नाही."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.


३ मार्च

संस्थेत गेले नाही. डोकं दुखतंय असं कळवलं, आणि ते खरंही आहे.

मी स्वतःलाच विचारतेय, की मला त्यांचा मान ठेवायचा होता, की माझा फोटो चांगला यायला हवा होता? त्या नवं लुगडं नेसून बांधावर जाऊन उभ्या राहिल्या होत्या. कुठे उभं राहायचं हे त्यांना नेमकं माहीत होतं. मीच त्यांना तिथून उठवलं.

सगळं सोडून द्यावं, ताईंना खिशातला एखादा साधा कॅमेरा आणून द्यावा आणि स्कूटी घ्यावी, असंही मनात आलं. ते आईला बोलून दाखवलं आणि रडले. आई रागावली, की तिचं देवळ्याकडचं बोलणं बाहेर येतं.

"काय शे हाई? रडून फोटो येतो का? ज्याला फोटो पाहिजे त्याला विचारायचं, कसा पाहिजे. मी ब्लाउज शिवते तेव्हा गळा केवढा ते बाईला विचारून शिवते, का माझ्या मनाने कापते?"

"आणि तू तर म्हणत होतीस, स्कूटी घे."

"तेव्हा म्हणत होते. आता घेतलंस ना डोक्यात, तर नीट कर."

अण्णा दुसऱ्या पाळीला गेले होते. आल्यावर आईने त्यांना सांगितलं असावं. माझ्या उशाशी येऊन उभे राहिले, मी झोपले नाही हे त्यांना कळलं होतं. "तो दुसरा कॅमेरा आहे ना, सगळं दाखवणारा," म्हणाले, "तो गेला का विकला?"


५ मार्च

घेतला. सहा मेगापिक्सेलचा, हलका, खोक्यातल्या साध्या लेन्सचा.

सावळीरामकाकांना वाईट वाटलं. "लोणी सोडून ताक घेतेस बघ." मी त्यांना भागीबाईंचं सांगितलं. ते शोकेसजवळ गेले, काचेतला फोटो बघत उभे राहिले. म्हणाले, "माझ्याकडे एवढी वर्षं माणसं आली. मागे काय पाहिजे म्हणून मी विचारायचो, ते तळं पाहिजे का ताजमहाल, एवढंच." मग तो फोटो त्यांनी आपणहून काढून मला दिला.

घरी अण्णा वाटच बघत होते. चहाही घेऊ दिला नाही. मला खोलीच्या एका भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि स्वतः समोर दिवाणाशेजारी जाऊन उभे राहिले. हात सरळ, छाती पुढे.

"पूर्ण येतो का? पायासकट?"

मी लेन्स अठरावर फिरवली. "येता."

"दिवाण?"

"दिवाणही. कडेला जरा वाकल्यासारखा दिसतोय."

"वाकू दे. आता दिवा लावून काढ. खिडकी बंद कर."

तसाही काढला. मग ते खाली बसले आणि माझ्यापासून स्वतःपर्यंतच्या फरश्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. आई म्हणाली, "रिटायर व्हायच्या आधीच हे असं, पुढे काय होणार!" मलाही तेच वाटलं. वेळ कसा जाणार याची त्यांना धास्ती असेल. कॅमेऱ्यात रमले तर बरंच आहे.


९ मार्च, रविवार

या वेळी मी एकच प्रश्न विचारला. "आजी, कुठे उभ्या राहता?"

बाई पुन्हा तेच हिरवं लुगडं नेसल्या. बांधावर चढल्या, उतरल्या, आंब्याखाली गेल्या, तिथून मान हलवून परत बांधावर. मग मला हाताने लोटल्यासारखं करत म्हणाल्या, "तू तिथं जा. पल्याड. आजून मागं. आजून!" मी मागे जात जात ओहोळाच्या काठाला लागले. "हां. तिथनं दिसल."

दिसलं. डावीकडे आंबा, उजवीकडे उतारावर पायऱ्यांसारखे चढत गेलेले दगड, मागे डोंगराची कड, आणि मधे हात सरळ सोडून, दगडासारख्या चेहऱ्याच्या, पायांच्या बोटांपर्यंत पूर्ण भागीबाई. माणूस लहान दिसतो. पण ते सगळं त्यांनी केलंय, हे माणूस लहान दिसल्यामुळेच कळतं. हे मला कॅमेऱ्यांच्या परीक्षणांत कुठे वाचायला मिळालं नव्हतं.

बाकीच्यांनाही विचारलं. एकजण विहिरीच्या काठावर. एक जोडपं बैलांसह, आणि बैलांची शिंगं कापायची नाहीत अशी तंबी देऊन. कोणीही हसलं नाही, आणि मी कोणाला हस म्हटलं नाही.


२५ मार्च

समितीने पलाट बघितला. फोटो हातात धरून लोक बांधावर उभे राहिले आणि ओहोळापासून ताळा करून बघितला, असं ताई सांगत होत्या. ग्रामसभेने भागीबाईंचा दावा मंजूर करून पुढे पाठवलाय. पुढे अजून बऱ्याच पायऱ्या आहेत, ताईंनी लगेच नाचू नकोस असंही सांगितलं. मी ऑफिसच्या मोरीत जाऊन थोडं नाचून आले.

भागीबाईंना त्यांची प्रत दिली. पाड्यावर आलेल्या प्रत्येकाला त्या ती दाखवतात. बोट आधी बांधावर ठेवतात. "ह्यो बांध." मग आंब्यावर. "ह्यो बुधाचा." मग खालच्या तुकड्यावर, जिथे नागली होते. सगळं झाल्यावर शेवटी, जाता जाता, "आन् ही मी."


३१ मार्च, सोमवार

काल अण्णा म्हणाले, "उद्या कॅमेरा घेऊन ये. बॅटरी भरून."

"अण्णा, कंपनीचा फोटोग्राफर असेल ना? आणि आत कॅमेरा नेऊ देतात का?"

"तू ये तर."

आई नवी साडी नेसून, मी कॅमेरा गळ्यात घालून, आम्ही गेटवर गेलो. मी बॅग उघडून दाखवायला लागले तर वॉचमन म्हणाला, "मोतीरामभाऊंची पोरगी ना? जा जा. कॅमेऱ्याचं साहेबांनी फेब्रुवारीतच सांगून ठेवलंय. भाऊ रोज विचारायचे मला, लक्षात आहे ना म्हणून. डोकं खाल्लं माझं."

फेब्रुवारीत. मी आईकडे बघितलं. तिलाही माहीत नव्हतं.

समारंभ झाला. शाल, नारळ, झेंडूचा जाड हार. कंपनीच्या फोटोग्राफरने अण्णांना पडद्यापुढे उभं करून छातीपर्यंतचा फोटो काढला. मग अण्णा म्हणाले, "चला," आणि आम्हाला त्यांच्या मशीनच्या शेडमध्ये घेऊन गेले.

त्यांची लेथ, लोखंड कातायचं मशीन, मी पहिल्यांदाच बघितली. रांगेत शेवटची, समोर भिंत. वरती एक ट्यूबलाइट, छपराच्या पत्र्यात एक काच, तिच्यातून उन्हाचा एक पट्टा. लांबीला दीड दिवाण.

जमिनीवर, भिंतीला लागून, खडूने एक चौकोन काढलेला होता. दोन पाय मावतील एवढा. "इथे उभी राहा," अण्णा म्हणाले. "मी मोजलंय."

मला तेव्हा कळलं.

त्यांच्या शेजारच्या मशिनवरचे दत्तूकाका आणि बाकीची मंडळी गोळा झाली होती. अण्णांनी गळ्यातला हार काढला, तसे दत्तूकाका ओरडले, "ओ भाऊ, हार राहू द्या की, शोभून दिसतोय!"

"हारातला अर्धा फोटो निघालाय तिकडे. पुढे उपयोगी पडेल, जपून ठेवा," अण्णा म्हणाले, आणि सगळे खो-खो हसले. दसऱ्याला घालतात तसा त्यांनी तो हार लेथला घातला, नीट मधोमध आला का ते बघितलं.

"हार हिला. मी अजून आहे."

मग लेथशेजारी उभे राहिले. हात सरळ, छाती पुढे, चेहरा दगडासारखा.

"पाय येताहेत का?"

"येताहेत, अण्णा."

"आणि मागचं?"

"सगळं."

नवशिक्यांसाठी चांगला कॅमेरा कशाला म्हणतात, ते मला आज समजलं. काढणाऱ्याला पुढचं नीट दिसत नसलं, तरी फोकस तो आपला आपण करतो.


६ एप्रिल, रविवार

अण्णांचा फोटो फ्रेम करून आला. सावळीरामकाकांनी फ्रेमचे पैसे घेतले नाहीत.

आत्या आली होती. अण्णांनी तिला फोटोसमोर उभं केलं. बोट आधी चकवर. "इथे जॉब धरायचा." मग मशीनच्या लांब बेडवर, मग चाकावर, मग वरच्या काचेवर, पावसाळ्यात तिथून कसं गळायचं ते. आत्या म्हणाली, "आणि तू कुठंयस?" तेव्हा म्हणाले, "हा काय, मी इथे."

आत्या गेल्यावर आई फोटोसमोर थांबली. पदराने काच पुसली. "चांगलं शे," म्हणाली. एक डोळा वगैरे काही म्हणाली नाही.

मी विचारलं, "आई, तुझा कुठे काढू?"

"माझा कशाला?" असं ती म्हणेल, अशी माझी खात्री होती. पण ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "थांब, विचार करते."

दुपारभर ब्लाउजला हुक लावत बसली होती. संध्याकाळी भाजी निवडता निवडता एकदम म्हणाली, "ठरलं नाही अजून. पण स्वयंपाकघरात नको हं."